वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबचा अजिंक्यपद-हंगाम (२०१६)

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबने २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळविले, तो हंगाम. मेलबर्नच्या पश्चिमेकडील फुट्सक्रे ह्या औद्योगिक उपनगरात उदयास आलेल्या या क्लबने १ ऑक्टोबर २०१६ रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात सिडनी स्वान्स संघाचा २२ गुणांनी पराभव केला. १९५४ नंतरचे हे क्लबचे पहिले व एकूण दुसरे अजिंक्यपद होय. साखळी सामन्यांच्या अखेरीस गुणतक्त्यात सातव्या स्थानावर असलेल्या संघाने अजिंक्यपद मिळविण्याचा लीगच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग होता. तथापि या हंगामाचे महत्त्व केवळ क्रीडाविक्रमापुरते नाही. मेलबर्नच्या जुन्या व निर्धन क्लबांना राष्ट्रीय स्वरूपाच्या व्यावसायिक स्पर्धेत स्थान उरले आहे काय, हा प्रश्न त्याआधी सुमारे चार दशके चर्चेत होता. त्या प्रश्नाच्या संदर्भात हा हंगाम अभ्यासिला जातो.

खेळ व स्पर्धा : ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा खेळ मेलबर्न येथे १८५८–५९ मध्ये आकारास आला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे तंदुरुस्त राहावीत, ह्यासाठी फुटबॉलचा क्लब स्थापावा, अशी सूचना टॉम विल्स ह्या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये एका पत्राद्वारे केली आणि पुढील वर्षी मेलबर्न क्लबने खेळाचे नियम लेखनिविष्ट केले. क्रिकेटशी असलेला हा संबंध मैदानाच्या लंबवर्तुळाकारात आजही दिसून येतो. दोन्ही बाजूंचे प्रत्येकी १८ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. चेंडू लंबगोल असून तो पायाने मारता येतो, हातात घेऊन पळता येते किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने सहकाऱ्याकडे टोलवता येतो. मात्र तो फेकता येत नाही. मैदानाच्या प्रत्येक टोकास चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू पार गेल्यास ‘गोल’ होऊन सहा गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेल्यास ‘बिहाइंड’ होऊन एक गुण मिळतो. गुणसंख्या लिहिताना आधी गोल, नंतर बिहाइंड व कंसात एकूण गुण देतात. सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो. चेंडू खेळाबाहेर असतानाचा वेळ त्यात धरला जात नाही.

व्हिक्टोरियन फुटबॉल लीगची स्थापना १८९६ मध्ये झाली. प्रारंभी ती मेलबर्न व जीलाँग येथील क्लबांपुरती मर्यादित होती. १९८० नंतरच्या दशकात पर्थ, ब्रिस्बेन इ. शहरांतील संघ तीत आले आणि १९९० मध्ये तिने ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ हे नाव धारण केले. २०१६ मध्ये तीत १८ संघ होते. त्या वेळी प्रत्येक संघाचे २२ साखळी सामने झाल्यावर पहिले आठ संघ अंतिम मालिकेत प्रवेश करीत. २००० पासूनच्या पद्धतीनुसार पहिल्या चार संघांना मालिकेतील पहिला सामना गमावल्यावरही आणखी एक संधी मिळे. पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या संघांस मात्र एक पराभवही चालत नसे. अजिंक्यपदासाठी त्यांना लागोपाठ चार सामने जिंकावे लागत. २०१५ पर्यंतच्या १६ हंगामांत पहिल्या चारांबाहेरील एकाही संघास हे साधले नव्हते.

क्लबची पूर्वपीठिका : फुट्सक्रे हे उपनगर मॅरिबर्नाँग नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. कत्तलखाने, कातडी कमावण्याचे व्यवसाय, दारूगोळ्याचे कारखाने, रसायने व टायर यांचे उद्योग ह्यांमुळे ते कामगारवस्तीचे केंद्र बनले. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण यूरोपातून व पुढे व्हिएतनाम, पूर्व आफ्रिका व भारत या प्रदेशांतून आलेले लोक पश्चिमेकडील उपनगरांत मोठ्या प्रमाणावर स्थायिक झाले. ह्या भागाकडे मेलबर्नच्या संपन्न पूर्व व दक्षिण भागांतून बऱ्याचदा तुच्छतेने पाहिले जाई. या अवहेलनेची जाणीव आणि तीतून आलेला स्वाभिमान ही क्लबच्या पाठीराख्यांची कायमची वृत्ती बनली.

व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन ह्या जुन्या संघटनेच्या स्पर्धेत फुट्सक्रे क्लबने नऊ अजिंक्यपदे मिळविली होती. १९२४ मध्ये एका धर्मादाय सामन्यात त्याने लीगचा विजेता संघ एसेंडन ह्यास हरविले व १९२५ मध्ये हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न ह्यांच्यासमवेत त्याला लीगमध्ये प्रवेश मिळाला. तेथील पहिल्या यशासाठी मात्र त्यास २९ वर्षे थांबावे लागले. १९५४ च्या अंतिम सामन्यात कर्णधार व प्रशिक्षक चार्ली सटन ह्याच्या संघाने मेलबर्न संघास १५.१२ (१०२) विरुद्ध ७.९ (५१) असे नमविले. जॅक कॉलिन्सने त्यात सात गोल केले. १९६१ च्या अंतिम सामन्यात एडवर्ड (टेड) व्हिटन ह्याच्या नेतृत्वाखालील संघ हॉथॉर्नकडून पराभूत झाला. त्यानंतर १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९ व २०१० असा सात वेळा हा क्लब अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला व प्रत्येक वेळी तेथूनच परतला. त्यांपैकी १९९७ मधील अ‍ॅडिलेडविरुद्धचा पराभव केवळ दोन गुणांचा होता. लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूस देण्यात येणारे ब्राउनलो पदक क्लबच्या खेळाडूंना दहा वेळा मिळाले. गुणी खेळाडूंची उणीव नव्हती, पण त्यांना दीर्घकाळ एकत्र राखण्याइतके द्रव्यबळ क्लबजवळ नव्हते, असे यावरून दिसते.

अस्तित्वाचा प्रश्न : दूरचित्रवाणीचे वाढते उत्पन्न आणि खेळाडूंचे वाढते वेतन ह्यांमुळे १९८० च्या सुमारास मेलबर्नमधील छोटे क्लब कर्जबाजारी झाले. एका शहराला इतके क्लब पोसता येणार नाहीत, असे लीगच्या चालकांचे मत बनले. साउथ मेलबर्न हा क्लब १९८२ मध्ये सिडनीस नेण्यात आला व तेथे तो ‘सिडनी स्वान्स’ ह्या नावाने प्रसिद्धीस आला. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये फुट्सक्रे व फिट्झरॉय ह्यांच्या एकत्रीकरणाची घोषणा करण्यात आली. नव्या संघाचे ‘फिट्झरॉय बुलडॉग्ज’ हे नावही ठरले होते. परंतु फुट्सक्रेच्या पाठीराख्यांनी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला आणि पीटर गॉर्डन ह्या वकिलाच्या पुढाकाराने निधी गोळा करण्यास प्रारंभ केला. घरोघरी, बाजारपेठेत व कारखान्यांच्या दारांशी डबे फिरवून काही आठवड्यांतच दहा लाख डॉलरपेक्षा अधिक रक्कम जमविण्यात आली व एकत्रीकरणाची योजना बारगळली. फिट्झरॉयला असे जीवदान लाभले नाही; १९९६ च्या हंगामाअखेर तो ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन करण्यात आला.

ह्या तीन क्लबांची तुलना उद्‌बोधक आहे. फिट्झरॉयच्या नावावर लीगची आठ अजिंक्यपदे होती, साउथ मेलबर्नच्या नावावर तीन व फुट्सक्रेच्या नावावर केवळ एक. म्हणजे गतवैभवाने कोणाचेही रक्षण झाले नाही. सर्वांत कमी यश पदरी असलेला क्लबच आपल्या जागी टिकून राहिला. टिकण्यासाठी मात्र त्यालाही तडजोडी कराव्या लागल्या. पश्चिमेकडील विस्तारणाऱ्या नव्या वसाहतींना आपलेसे करण्यासाठी १९९७ च्या हंगामापासून त्याने ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे नाव घेतले आणि त्याच वर्षी व्हिटन ओव्हल ह्या त्याच्या जुन्या मैदानावर लीगच्या पुरुष संघाचा अखेरचा सामना झाला. त्यानंतर ते मैदान सरावाचे व कार्यालयाचे ठिकाण म्हणून क्लबकडेच राहिले.

हंगामापूर्वीची स्थिती : २०१४ चा हंगाम संपताच क्लबवर पुन्हा संकट आले. कर्णधार रायन ग्रिफेन ह्याने ग्रेटर वेस्टर्न सिडनी ह्या संघात जाण्याची इच्छा व्यक्त केली व पाठोपाठ प्रशिक्षक ब्रेंडन मॅकार्टनी ह्याने पद सोडले. ग्रेटर वेस्टर्न सिडनी हा संघ लीगनेच खेळाच्या प्रसारासाठी उभा केला होता. २०१२ मध्ये स्पर्धेत उतरताना त्याला तरुण खेळाडूंच्या निवडीत विशेष सवलती देण्यात आल्या होत्या. ग्रिफेन व निवडीचा एक क्रमांक देऊन बुलडॉग्जनी त्या संघाकडून टॉम बॉइड हा १९ वर्षांचा उंचापुरा खेळाडू सात वर्षांच्या करारावर घेतला. एवढ्या अननुभवी खेळाडूसाठी मोजलेली किंमत अनेकांना अवाजवी वाटली.

नवा प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज पूर्वी मेलबर्न, फुट्सक्रे व सेंट किल्डा ह्या संघांकडून खेळला होता. त्याचे आजोबा जॅक बेव्हरिज हे कॉलिंगवुडच्या १९२७–३० मधील सलग चार अजिंक्यपदांत सहभागी होते. हौशी स्पर्धेत त्याने एका क्लबला लागोपाठ तीन वर्षे तीन श्रेणींत विजय मिळवून दिले होते. ठरावीक जागी ठरावीक खेळाडू ह्या रूढ विचाराऐवजी एकाच खेळाडूने अनेक कामे करावीत, गर्दीतून मुठीच्या झटपट टोल्यांनी चेंडू बाहेर काढावा व मोकळ्या जागेत वेगाने धावावे, असे त्याचे खेळाचे तंत्र होते. २०१५ मध्ये संघाने सहावे स्थान मिळविले. पण अंतिम मालिकेतील पहिल्याच सामन्यात तो अ‍ॅडिलेडकडून सात गुणांनी हरला.

साखळी सामने : २०१६ चा प्रारंभ उत्साहवर्धक होता. पहिले दोन सामने संघाने मोठ्या फरकाने जिंकले. एप्रिलमधील तिसऱ्या सामन्यात हॉथॉर्नकडून तीन गुणांनी निसटता पराभव झाला आणि शेवटच्या काही मिनिटांत कर्णधार रॉबर्ट मर्फी ह्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तेहतिशीला आलेला मर्फी २००० पासून ह्याच क्लबकडून खेळत होता आणि दुखापतीमुळे त्याचा हंगाम तेथेच संपला. ईस्टन वुडकडे नेतृत्व आले. जुलैमध्ये जेसन जोहॅनिसन ह्याने अखेरच्या क्षणी केलेल्या गोलमुळे संघाने सिडनी स्वान्सला त्यांच्याच मैदानावर चार गुणांनी हरविले. त्याच महिन्यात सेंट किल्डाविरुद्धच्या सामन्यात मिच वॉलिसचा पाय मोडला व जॅक रेडपाथच्या गुडघ्यास गंभीर इजा झाली. साखळीतील अखेरच्या सामन्यात पर्थ येथे फ्रीमँटलकडून पराभव होऊन संघ सातव्या स्थानावर राहिला.

हे स्थान काहीसे फसवे होते. बुलडॉग्जनी २२ पैकी १५ सामने जिंकले होते, तर पहिल्या तीन संघांचे विजय प्रत्येकी १७ आणि पुढील तिघांचे प्रत्येकी १६ होते. पहिल्या व सातव्या स्थानांत केवळ दोन विजयांचे अंतर होते. तरीही मालिकेच्या रचनेमुळे सातव्या संघाची वाट कितीतरी अधिक बिकट ठरत होती. एक गोष्ट मात्र त्याच्या पथ्यावर पडली. २०१५ मध्ये काही संघांनी अखेरच्या साखळी सामन्यात प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली होती. त्यास आळा घालण्यासाठी लीगने २०१६ पासून अंतिम मालिकेपूर्वी एका आठवड्याचा खंड ठेवला. ह्या अवधीत टॉम लिबरटोरी, जॅक मॅक्रे, वुड इ. जायबंदी खेळाडू खेळण्यास समर्थ झाले.

अंतिम मालिका : ८ सप्टेंबर रोजी पर्थ येथे वेस्ट कोस्ट ईगल्स या आदल्या वर्षीच्या उपविजेत्या संघाशी सामना झाला. आपल्या मैदानावर बलाढ्य समजल्या जाणाऱ्या ह्या संघाचा बुलडॉग्जनी १४.१५ (९९) विरुद्ध ७.१० (५२) असा दणदणीत पराभव केला. पुढील आठवड्यात मेलबर्न क्रिकेट मैदानावर त्यांची गाठ २०१३, २०१४ व २०१५ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळविणाऱ्या हॉथॉर्नशी पडली. १६.११ (१०७) विरुद्ध १२.१२ (८४) असा तो सामना जिंकून त्यांनी आदल्या वर्षीच्या दोन्ही अंतिम संघांना स्पर्धेबाहेर घालविले.

२४ सप्टेंबर रोजी सिडनी येथे ग्रेटर वेस्टर्न सिडनीविरुद्ध झालेला उपान्त्य सामना मालिकेतील सर्वांत चुरशीचा ठरला. सात वेळा ज्या पायरीवर क्लब अडखळला होता तीच ही पायरी. आणि समोरचा संघ लीगच्या पाठबळावर उभारलेला, बुलडॉग्जचे दोन माजी खेळाडू ग्रिफेन व कॅलन वॉर्ड हे ज्याच्याकडे गेले होते असा. शेवटच्या भागात यजमान संघ १४ गुणांनी आघाडीवर होता. तेथून बुलडॉग्जनी बरोबरी साधली व १३.११ (८९) विरुद्ध १२.११ (८३) असा सहा गुणांनी विजय मिळविला. पंचावन्न वर्षांनंतर क्लब अंतिम सामन्यात पोहोचला.

अंतिम सामना : १ ऑक्टोबरच्या सामन्यास ९९,९८१ प्रेक्षक उपस्थित होते. प्रतिस्पर्धी सिडनी स्वान्स गुणतक्त्यात अग्रस्थानी होता. १९८२ मध्ये मेलबर्न सोडून गेलेला क्लब आणि १९८९ मध्ये विलीनीकरण नाकारून मेलबर्नमध्येच राहिलेला क्लब, असा हा सामना असल्याने त्यास आपोआपच ऐतिहासिक अर्थ प्राप्त झाला. मध्यंतरास स्वान्स दोन गुणांनी पुढे होते. तिसऱ्या भागाच्या अखेरीस बुलडॉग्ज आठ गुणांनी पुढे गेले. अखेरच्या भागात डेल मॉरिस ह्या अनुभवी बचावपटूने स्वान्सचा प्रमुख आक्रमक लान्स फ्रँकलिन ह्यास पकडले, चेंडू सुटला आणि टॉम बॉइडने तो ५० मी. रेषेच्या बऱ्याच बाहेरून गोलकडे मारला. चेंडू जमिनीवर टप्पे घेत मधल्या खांबांमधून गेला आणि सामन्याचा निकाल जवळजवळ निश्चित झाला. बुलडॉग्जची गुणसंख्या १३.११ (८९) व स्वान्सची १०.७ (६७) झाली. बॉइड, लिअम पिकन व टोरी डिक्सन ह्यांनी प्रत्येकी तीन गोल केले. सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक जोहॅनिसनला मिळाले. बुलडॉग्जना २० व स्वान्सना केवळ ८ ‘फ्री किक’ मिळाल्याने पंचांच्या निर्णयांविषयी सिडनीकरांनी नाराजी व्यक्त केली. हा वाद पुढेही चालू राहिला.

पारितोषिक-वितरणाच्या वेळी विजेत्या संघाच्या प्रशिक्षकास दिले जाणारे जॉक मॅकहेल पदक स्वीकारल्यानंतर बेव्हरिजने मर्फीला व्यासपीठावर बोलाविले व ते पदक त्याच्या गळ्यात घातले. चषकही वुड व बेव्हरिज ह्यांच्यासह मर्फीने उंचावला. दुसऱ्या दिवशी व्हिटन ओव्हलवर हजारो पाठीराखे जमले. १९५४ चा विजय आठवणारे वृद्ध आणि १९८९ मध्ये निधीचे डबे घेऊन फिरलेले लोक ह्यांचा त्यात समावेश होता.

मूल्यमापन : ह्या यशाची कारणमीमांसा तीन प्रकारे केली जाते. पहिल्या मतानुसार ते लीगच्या समतोल-धोरणाचे फळ होय. १९८० नंतरच्या दशकात लीगने संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा घातली आणि १९८६ पासून तरुण खेळाडूंच्या निवडीत मागे पडलेल्या संघांना अग्रक्रम दिला. मार्कस बॉन्टेम्पेली हा २०१६ मध्ये अवघ्या विशीतील प्रमुख खेळाडू ह्याच मार्गाने २०१३ मध्ये चौथ्या क्रमांकावर क्लबला मिळाला होता. दुसरे मत क्लबच्या अंतर्गत परंपरेवर भर देते. माजी खेळाडूंच्या मुलांना त्याच क्लबात प्राधान्य देणाऱ्या जुन्या नियमामुळे लिबरटोरी, लॅकलन हंटर व झेन कॉर्डी हे तिघे पित्यांच्या संघातून अंतिम सामना खेळले. तिसरे मत योगायोगास महत्त्व देते : मालिकेपूर्वीच्या खंडाविना संघाची ताकद इतकी भरून निघाली नसती.

ह्या तिन्ही मतांत तथ्यांश आहे. तथापि त्यांतून केवळ २०१६ चा विजय उलगडतो, क्लबचे टिकणे उलगडत नाही. समतोल-धोरण फिट्झरॉयसाठीही लागू होते, परंतु १९९६ पर्यंत त्याला त्याचा लाभ झाला नाही. सर्वांना समान संधी देणारे नियम जो क्लब जिवंत आहे त्याच्याच उपयोगी पडतात आणि तो जिवंत ठेवण्याचे काम नियमांबाहेरच्या माणसांनी केले होते. अजिंक्यपदाने क्लब वाचला नाही. क्लब वाचला, म्हणूनच २७ वर्षांनी त्याला अजिंक्यपद मिळू शकले.

एका विजयाने क्लबांमधील आर्थिक विषमता दूर झाली, असेही नव्हे. २०१७ मध्ये बुलडॉग्जना पहिल्या आठांतही स्थान मिळाले नाही. त्याच वर्षी मर्फी निवृत्त झाला. अंतिम सामन्यातील कामगिरीने टीकाकारांना उत्तर देणारा बॉइड मानसिक व शारीरिक स्वास्थ्याच्या कारणास्तव २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, खेळातून बाहेर पडला. २०१८ मध्ये क्लबच्या महिला संघाने आपल्या स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले. २०२१ मध्ये पुरुष संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. परंतु साथीच्या रोगामुळे पर्थ येथे झालेल्या त्या सामन्यात मेलबर्नने त्याचा ७४ गुणांनी पराभव केला आणि स्वतःची ५७ वर्षांची प्रतीक्षा संपविली. २०२४ मध्ये ब्रिस्बेनने पाचव्या स्थानावरून अजिंक्यपद मिळविले. सातव्या स्थानावरून ते मिळविण्याची बुलडॉग्जची कामगिरी मात्र त्यानंतरही एकमेव राहिली.